एका चाकाचा ब्रेक आणि सावरलेली गाडी: ट्रॅक्शन व स्टॅबिलिटी कंट्रोल समजून घेऊन कसं वापरायचं

आंबा घाट उतरून साखरप्याकडे येत होतो. नुकतीच सर पडून गेली होती, रस्त्यावर ओला पाला होता आणि वळणाच्या आतल्या कडेला डोंगरातून वाहून आलेली लाल माती पसरली होती. वेग फार नव्हता, तरी एका वळणात गाडीचं नाक दरीकडे ओढल्यासारखं झालं. त्याच क्षणी खालून 'घर्रर्र' असा आवाज आला, डॅशबोर्डवरचं घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र दोन-तीनदा लुकलुकलं, आणि कोणी खांद्याला धरून वळवावं तशी गाडी आपल्या बाजूला आली. शेजारी बसलेला भाचा म्हणाला, "मामा, काही तुटलं का?"

काहीच तुटलं नव्हतं. मागच्या आतल्या बाजूच्या चाकाला गाडीनं स्वतःहून ब्रेक लावला होता.

त्या दिव्याला घाबरणारे बरेच जण मी पाहिलेत, आणि त्याच्या भरवशावर बेफिकीर चालवणारेही. दोघांनाही आत काय चाललंय ते माहीत नसतं. ते कळलं की पावसाळ्यात गाडी चालवण्याची रीतच बदलते, म्हणून इथे सगळं क्रमानं मांडतो. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो: ट्रॅक्शन व स्टॅबिलिटी कंट्रोलची ही यंत्रणा रस्त्यावर पकड तयार करत नाही, आहे तेवढीच पकड चार चाकांत वाटते. आणि गाडी कुठे न्यायची हे ती तुमच्या स्टिअरिंगवरून ठरवते.

आधी पाहा, तुमच्या गाडीत ती आहे का

कंपन्यांनी एकाच गोष्टीला वेगवेगळी नावं दिली आहेत. ईएसपी, ईएससी, टोयोटाची व्हीएससी, होंडाची व्हीएसए, बीएमडब्ल्यूची डीएससी हे सगळं स्टॅबिलिटी कंट्रोलच आहे, म्हणजे वळणात घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा. चाक जागच्या जागी गरगर फिरू न देणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलला टीसीएस म्हणतात, काही ठिकाणी एएसआर. स्टॅबिलिटी कंट्रोल असलेल्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) असतंच. उलटं मात्र नेहमी खरं नसतं: एबीएस आहे म्हणजे ईएसपी असेलच असं नाही. आपल्याकडे नव्या गाड्यांना एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचं आहे. ईएसपी मात्र अनेक मॉडेल्सच्या फक्त वरच्या व्हेरिएंटमध्ये मिळायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणारी चाचणी सुरू झाली आणि तीन किंवा जास्त तारे मिळवायला ईएससी आवश्यक ठरली, तेव्हापासून हे चित्र बदलू लागलं.

खात्री करायची सोपी रीत अशी. इंजिन सुरू न करता इग्निशन ऑन करा. खाली दोन नागमोडी रेषा असलेल्या गाडीचं पिवळं चित्र काही सेकंद पेटून विझलं पाहिजे. मुळात पेटलंच नाही तर एक तर यंत्रणाच नाही, नाहीतर दिवा बंद पडला आहे. बऱ्याच गाड्यांत तेच चित्र आणि 'ऑफ' लिहिलेलं बटणही असतं.

गाडी चालू असताना दिवा लुकलुकला तर यंत्रणा त्या क्षणी काम करते आहे. सतत पेटून राहिला तर ती बंद आहे, तुम्ही बटण दाबल्यामुळे किंवा बिघाडामुळे. हा फरक घरातल्या प्रत्येक चालकाला माहीत असायला हवा.

पकड म्हणजे किती, आणि ती जाते कुठे

प्रत्येक टायर रस्त्याला साधारण तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो. वेग घेणं, थांबणं, वळणं हे सगळं त्या चार तळहातांवर चालतं. चांगल्या टायरची पकड कोरड्या डांबरावर साधारण ०.८ आणि ओल्या डांबरावर ०.५ च्या आसपास धरता येते, म्हणजे गाडीच्या वजनाच्या तेवढ्या पट जोर टायर पेलू शकतो. ओला चिखल, सांडलेलं डिझेल, झेब्रा क्रॉसिंगचे ओले पट्टे, पुलावरचे लोखंडी सांधे यांच्यावर ती आणखी खाली येते. पहिल्या पावसाची पहिली सर विशेष वाईट असते, कारण महिनोन् महिने साठलेलं तेल आणि धूळ पाण्यात कालवून रस्त्यावर एक पातळ साय धरते.

आता ४० मीटर त्रिज्येचं घाटातलं वळण घ्या. ताशी ४० किलोमीटर वेगानं ते घ्यायला ०.३१ एवढी पकड लागते, ५० ला ०.४९ आणि ६० ला ०.७१. वेग दीडपट झाला तर मागणी सव्वादोन पट होते, कारण तिथे वेगाचा वर्ग येतो. म्हणजे कोरड्या रस्त्यावर ६० नं सहज निघालेलं वळण पावसात त्याच वेगानं निघणारच नाही. मग गाडीत कितीही संगणक असोत.

दुसरी गोष्ट: ब्रेक आणि वळण दोघंही एकाच खात्यातून पकड काढतात. मात्र हिशेब साध्या वजाबाकीचा नाही, काटकोन त्रिकोणाचा आहे. एकूण पकड १०० धरली आणि ब्रेकला ८० लागली, तर वळायला २० नव्हे, ६० उरते. ब्रेकला ९५ लागली तर उरते सुमारे ३१. पूर्ण १०० गेली तर शून्य, आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. वळणाआधी वेग कमी करा असं जुने चालक सांगायचे, त्यामागचं गणित हेच.

पाया एबीएसचा

बॉश या जर्मन कंपनीनं तयार केलेलं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत आलं आणि पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहिलं. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. चाकाबरोबर फिरणारी दात्यांची किंवा चुंबकीय पट्ट्यांची कडी त्याच्यासमोरून जाते, आणि त्या दात्यांच्या मोजणीवरून चाकाचा वेग कळतो. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंदावू लागलं, तर ते आता अडकणार हे ओळखून यंत्रणा त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडते, पुन्हा धरते, पुन्हा सोडते. पेडल पायाखाली थरथरतं ते यामुळे.

टायर पूर्ण अडकला की तो नुसता घासत जातो. रस्त्याच्या वेगापेक्षा साधारण १० ते २० टक्के हळू फिरत असताना त्याची पकड सर्वाधिक असते, आणि एबीएस चाकाला त्याच पट्ट्यात ठेवू पाहतं. शिवाय चाक फिरत राहिल्यामुळे गाडी वळवता येते. एबीएस असूनही अपघात होतात त्याचं एक कारण म्हणजे पेडल थरथरलं की घाबरून पाय उचलला जातो. पाय उचलू नका, उलट जोरात दाबून धरा.

ट्रॅक्शन कंट्रोल: नुसतं फिरणारं चाक

एबीएस अडकणाऱ्या चाकाकडे पाहतं, ट्रॅक्शन कंट्रोल नुसत्या फिरणाऱ्या चाकाकडे. सेन्सर तेच.

प्रश्न कुठे येतो ते समजायला डिफरन्शिअल माहीत हवं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी ही योजना आहे. साध्या डिफरन्शिअलचा स्वभाव असा की ते दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं. एक चाक चिखलात गेलं, तिथे विरोधच नसल्यानं जोर लागत नाही, आणि मग कोरड्यावर असलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य जोर मिळतो. चिखलातलं चाक गरगर फिरतं आणि दुसरं गप्प उभं राहतं.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांचे चालक यावर एक युक्ती करायचे. हँडब्रेक थोडासा ओढून धरायचा आणि हळूच ॲक्सिलरेटर द्यायचा. फिरणाऱ्या चाकाला विरोध मिळाला की दुसऱ्या चाकाकडेही जोर जाऊ लागायचा आणि गाडी निघायची. ट्रॅक्शन कंट्रोल हेच करतं, पण नेमकं. फक्त फिरणाऱ्या चाकालाच ब्रेक लावतं आणि त्याच वेळी इंजिनाचा जोर कमी करतं. इंजिनाचा जोर थ्रॉटल मिटवून, इंधन किंवा ठिणगी आवरून कमी केला जातो.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हे सगळ्यात जास्त दिसतं ते चढावरच्या तीव्र वळणात. चढावर वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात, आणि वळणामुळे आतलं चाक आणखी हलकं होतं. पावसात तिथे ते चाक फिरतं, दिवा लुकलुकतो आणि इंजिन दमल्यासारखं वाटतं. 'गाडी ओढत नाही' म्हणून लोक ॲक्सिलरेटर आणखी दाबतात. दाबू नका. आहे तिथे पाय स्थिर ठेवा, किंचित कमी केलात तर उत्तमच, आणि वळण उलगडेल तसं स्टिअरिंग सरळ करत जा. चाकाला पकड सापडली की जोर आपोआप परत येतो.

इलेक्ट्रिक गाड्यांत मोटरचा जोर क्षणात येतो, म्हणून ट्रॅक्शन कंट्रोलचं महत्त्व तिथे जास्त. मोटर आवरताही चटकन येते. एक काळजी मात्र घ्या. ओल्या उतारावर रिजनरेशन (पाय उचलल्यावर मोटरनंच गाडी मंदावून बॅटरी भरणं) सर्वात वरच्या पातळीवर ठेवलं, तर पाय उचलताच चालणाऱ्या चाकांवर एकदम ब्रेक लागल्यासारखं होतं. पावसात ती पातळी एक पायरी खाली ठेवा.

स्टॅबिलिटी कंट्रोल: ट्रॅक्टरवाल्याला आधीच माहीत असलेली गोष्ट

शेतात नांगरट चालू असताना बांधाजवळ ट्रॅक्टर कसा वळतो ते आठवा. ट्रॅक्टरला उजव्या पायाशी दोन ब्रेक पेडलं असतात, डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाची वेगवेगळी. डावीकडे वळायचं असेल तर चालक स्टिअरिंग फिरवतो आणि फक्त डावं पेडल दाबतो. डावं चाक थांबतं, उजवं पुढे जातं, आणि ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. रस्त्यावर येताना दोन्ही पेडलं कडीनं जोडायची असतात, कारण वेगात एकाच बाजूचा ब्रेक लागला तर तोच ट्रॅक्टर उलटवू शकतो. बैलगाडीही याच तत्त्वावर वळते: आतल्या बैलाचा कासरा ओढला की तो मंदावतो आणि बाहेरचा चालत राहतो.

एका बाजूचा ब्रेक गाडी फिरवू शकतो. स्टॅबिलिटी कंट्रोलचं मर्म एवढंच. कौशल्य आहे ते कोणत्या चाकाला, कधी आणि किती, हे ठरवण्यात.

त्यासाठी चाकांच्या सेन्सरखेरीज आणखी काही माहिती लागते. स्टिअरिंग किती फिरवलंय हे सांगणारा सेन्सर, गाडी स्वतःभोवती किती वेगानं फिरते आहे हे मोजणारा सेन्सर, बाजूला किती जोर बसतोय हे मोजणारा सेन्सर, आणि ब्रेकच्या तेलाचा दाब. स्टिअरिंग आणि वेग यांवरून संगणक हिशेब करतो की गाडी एवढी वळायला हवी. दुसरीकडे ती प्रत्यक्षात किती वळते आहे ते तो मोजतो. ही तुलना सेकंदाला सुमारे २५ वेळा होते. ताशी ५० च्या वेगात याचा अर्थ, रस्त्याच्या साधारण दर अर्ध्या मीटरला एक तपासणी.

फरक पडला तर तो दोन प्रकारचा असतो.

पहिला प्रकार, पुढची चाकं घसरतात. स्टिअरिंग वळवलंय, पण नाक सरळच चाललंय. गाडी कमी वळते आहे. तेव्हा यंत्रणा मागच्या आतल्या चाकाला ब्रेक लावते. ट्रॅक्टरच्या आतल्या पेडलासारखं नाक आत ओढलं जातं. आंबा घाटात माझ्या गाडीनं केलं ते हेच.

दुसरा प्रकार, मागची चाकं घसरतात. शेपूट बाहेर फेकली जाते आणि गाडी हवी त्यापेक्षा जास्त वळते. तेव्हा पुढच्या बाहेरच्या चाकाला ब्रेक लागतो. वळणात वजन याच चाकावर सर्वाधिक असतं, म्हणून तिथला ब्रेक सगळ्यात परिणामकारक ठरतो आणि फिरत चाललेलं नाक बाहेर ओढून गाडी सरळ करतो. माणसाला हे कधीच जमणार नाही, कारण आपल्या पायाखाली चार पेडलं नाहीत.

तुम्ही ब्रेक दाबलेलाच नसताना दाब येतो कुठून? एबीएसच्या ठोकळ्यात दर चाकामागे दोन असे आठ व्हॉल्व्ह असतात. स्टॅबिलिटी कंट्रोलमध्ये आणखी चार येऊन बारा होतात, आणि आतला विजेवरचा पंप स्वतःहून तेल ओढून हव्या त्या चाकाकडे दाब पाठवतो. 'घर्रर्र' आवाज त्या पंपाचा आणि व्हॉल्व्हचा. चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी दोनेक सेकंद मागे न येऊ देणारा हिल होल्डही हाच ठोकळा करतो.

बॉशमध्ये हे काम अँटन फान झांटेन यांच्या नेतृत्वाखाली झालं आणि १९९५ मध्ये ही यंत्रणा मर्सिडीजच्या महागड्या एस-क्लास कूपेमध्ये पहिल्यांदा विकली गेली. ती श्रीमंतांपुरतीच राहिली असती. पण ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाच्या चाचणीत, रस्त्यात अचानक आलेला सांबराएवढा मोठा प्राणी चुकवावा तशी झटक्यानं डावी-उजवी करताना नवीकोरी छोटी मर्सिडीज ए-क्लास उलटली. कंपनीनं विक्री थांबवली, सस्पेन्शन सुधारलं आणि त्या छोट्या गाडीत ईएसपी सगळ्यांना देऊ केली. तिथून ती खालच्या गाड्यांमध्ये झिरपली. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्यानं २००७ मध्ये नियम करताना अंदाज मांडला होता की एकट्याच गाडीचे अपघात साध्या मोटारींत ३४ टक्क्यांनी आणि एसयूव्हींत ५९ टक्क्यांनी कमी होतील. उंच गाड्यांचा आकडा जास्त आहे याची नोंद घ्या, कारण आपल्याकडे आता त्यांचीच चलती आहे. घेताना सनरूफ आणि ईएसपी यांत निवड करावी लागली, तर माझं मत कोणत्या बाजूला आहे हे सांगायलाच नको.

मैदानात एकदा अनुभव घ्या

घाटात पहिल्यांदा पेडल थरथरण्यापेक्षा मैदानात थरथरलेलं बरं. मोकळं, सपाट, माणसं-जनावरं नसलेलं मैदान शोधा. ओलं किंवा बारीक खडीचं असेल तर चांगलं. गाडीतलं सुटं सामान काढा, पट्टा लावा.

ताशी ३० वर या आणि ब्रेक पूर्ण ताकदीनं दाबून धरा. थरथर, कडकड आवाज, सगळं होऊ द्या, थांबेपर्यंत पाय उचलू नका. दोन-तीनदा केलं की भीती जाते. मग तसाच ब्रेक दाबलेला असताना स्टिअरिंग थोडं एका बाजूला फिरवा. गाडी थांबता थांबता वळते हे स्वतः पाहा. शेवटी खडीवर उभ्या गाडीतून पहिल्या गिअरमध्ये जरा जोरात निघा. दिवा लुकलुकेल, इंजिन आवरलं जाईल. ट्रॅक्शन कंट्रोल कसं वाटतं ते हेच.

स्टॅबिलिटी कंट्रोलची चाचणी मात्र घेऊ नका. ती कळायला वेग लागतो, आणि तेवढ्या वेगात चूक झाली तर मैदान पुरत नाही.

घाटात, पावसात

वळण दिसलं की सरळ रस्त्यावरच ब्रेक लावून वेग उतरवा आणि गिअर बदला. वळणात शिरल्यावर क्लच दाबून गिअर खाली टाकणं आणि तो झटक्यात सोडणं टाळा, कारण त्या झटक्यानं चालणारी चाकं घसरू शकतात.

नाक बाहेर चाललंय असं वाटलं तर स्वाभाविकपणे हात आणखी वळवतात. त्यानं काही साधत नाही, पुढचे टायर आधीच घसरत असतात. ॲक्सिलरेटरवरून पाय घ्या, स्टिअरिंग थोडंसं मोकळं करा आणि नजर वळणाच्या पुढच्या टोकाकडे ठेवा. पकड परत आली की गाडी नजरेमागे येते.

शेपूट फिरली तर डोळे दरीकडे किंवा कठड्याकडे जातात आणि हात डोळ्यांमागे जातात. इथेच सगळं बिघडतं. संगणकाला दरी दिसत नाही, त्याला फक्त तुमचं स्टिअरिंग दिसतं. तुम्ही कठड्याकडे वळवलंत तर तो प्रामाणिकपणे तिकडेच नेण्याचा प्रयत्न करेल. जिथे जायचं आहे त्या डांबराकडे पाहा आणि तिकडे वळवा. स्टिअरिंग सोडू नका, गरागरा फिरवूही नका. थांबायचंच असेल तर ब्रेक पूर्ण दाबा. एबीएस आणि ईएसपी मिळून ते सांभाळतात.

दिवा एकदा लुकलुकला याचा अर्थ तुम्ही पकडीच्या काठावर आला होतात. मी त्यानंतरचा अर्धा तास दहा किलोमीटर वेग कमी ठेवतो. रस्ता पुढे सुधारेल असं मानायला काही आधार नसतो.

एका जागी ही यंत्रणा पूर्ण हतबल आहे: साचलेलं पाणी. वेगात टायर पाण्यावर चढला की त्याचा रस्त्याशी संबंध तुटतो आणि एकेका चाकाच्या ब्रेकला अर्थ उरत नाही. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, इंजिनाचा आवाज चढतो. तेव्हा स्टिअरिंग सरळ धरा आणि पाय अलगद उचला. स्टिअरिंग वळवलेलं असेल आणि टायर अचानक टेकले, तर गाडी त्या बाजूला झेपावते.

टपावर बांधलेलं सामानही विसरू नका. कॅरिअरवर भरलेल्या बॅगा गाडीचा गुरुत्वमध्य वर नेतात, आणि कारखान्यात बसवलेले हिशेब त्या गाडीचे राहत नाहीत.

'ऑफ' बटण कशासाठी

चिखलात, वाळूत किंवा बर्फात गाडी अडकली असेल तेव्हा. तिथे बाहेर यायला चाकं थोडी फिरू द्यावी लागतात. ट्रॅक्शन कंट्रोल मात्र ती फिरताच इंजिन आवरतं आणि गाडी जागची हलत नाही. बटण थोडक्यात दाबलं तर बऱ्याच गाड्यांत फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं, काही सेकंद दाबून धरलं तर स्टॅबिलिटी कंट्रोलही. तुमच्या गाडीत नेमकं काय होतं ते माहितीपुस्तिकेत पाहा.

आधी मात्र यंत्रणा चालू ठेवून एकदा प्रयत्न करा. एकच चाक चिखलात असेल तर तिचा ब्रेकच कामाला येतो. जमलं नाही तर बंद करा, स्टिअरिंग सरळ, दुसरा गिअर, हलका पाय. चाकाखाली दगड, गोणपाट किंवा फांद्या घाला. फार वेळ प्रयत्न केल्यावर दिवा लागून यंत्रणा गप्प झाली, तर ती बहुधा तापलेले ब्रेक वाचवते आहे. थोडा वेळ थांबा. बाहेर पडल्यावर बटण लगेच पुन्हा दाबा. बहुतेक गाड्यांत इंजिन बंद करून सुरू केलं की यंत्रणा आपोआप परत येते, पण त्याची वाट पाहू नका. आणि समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत गाडी घालून हा प्रयोग करायचा नाही. गोव्यात तर त्यावर बंदीच आहे, आणि भरतीचं पाणी कोणासाठी थांबत नाही.

निगा: टायरपासून सुरुवात

सगळी यंत्रणा टायरच्या पकडीचंच वाटप करते, म्हणून टायर संपले की वाटायला काही उरत नाही. कायद्यानं १.६ मिलिमीटर खाच पुरेशी आहे, पण ती पाणी बाहेर फेकायला फार कमी पडते. पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिलिमीटरवर आलेले टायर मी बदलतो. दोनच टायर नवे घेणार असाल तर ते मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पंक्चरवाले बहुतेक वेळा पुढे बसवायला सांगतात. पण पुढची चाकं घसरली तर निदान स्टिअरिंगला कळतं, मागची घसरली तर कळेपर्यंत गाडी फिरलेली असते.

चारही टायर एकाच मापाचे ठेवा. संगणक चाकांचे फेरे मोजतो. एका चाकाचा व्यास वेगळा असेल तर त्याला ते चाक सतत घसरतंय असं वाटतं. बारीक स्टेपनी लावून म्हणूनच हळू आणि जवळच जायचं असतं.

अलाइनमेंटनंतर रस्त्यावर सरळ जाताना स्टिअरिंग सरळ आहे का ते पाहा. ते तिरकं राहिलं तर तुम्ही सरळ चालला असताना संगणकाला तुम्ही वळताय असं वाटू शकतं. स्टिअरिंग काढून बसवलं असेल किंवा पुढचा सस्पेन्शनचा भाग बदलला असेल, तर अनेक गाड्यांत स्कॅनर लावून स्टिअरिंगच्या सेन्सरचा शून्यबिंदू पुन्हा ठरवावा लागतो. गॅरेजात हे आवर्जून विचारा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, कोकणात अधिकच. साधारण दर दोन वर्षांनी ते बदला.

दिवा पेटूनच राहिला तर

गाडी चालते, साधे ब्रेकही लागतात, पण मदतनीस नाही हे लक्षात ठेवून हळू चला. एबीएसच्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही पेटला असेल तर पुढे जाऊ नका, ब्रेक ऑइलची पातळी तपासा.

मग या क्रमानं शोधा. आधी बटण चुकून दाबलंय का ते पाहा. इंजिन बंद करून पुन्हा सुरू करा. बॅटरी नुकतीच बदलली असेल तर काही गाड्यांत स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवलं किंवा थोडं अंतर सरळ चालवलं की दिवा जातो. बॅटरी मरायला आली असेल तर सुरू करताना व्होल्टेज पडून तीन-चार दिवे एकदम पेटतात, तिथे दोष ईएसपीचा नसतो. पुढे मागचा ब्रेकलाइट पेटतो का ते कोणाला तरी उभं करून तपासा. पेडलाजवळचा साधा स्विच बिघडला तरी संगणकाला तुम्ही ब्रेक दाबलाय की नाही ते कळेनासं होतं.

त्यानंतर चाकांच्या सेन्सरच्या वायरी. घराबाहेर, झाडाखाली उभ्या गाड्यांत उंदीर त्या कुरतडतात. किनाऱ्याजवळच्या गावांत खारट हवेनं दात्यांच्या कडीवर गंज फुगतो आणि सेन्सरला दाते नीट मोजता येत नाहीत. चिखलही बसतो, तो धुताना पाण्याची जोरदार धार थेट सेन्सरच्या जोडणीवर मारू नका.

एवढ्यानं सुटलं नाही तर स्कॅनर लावून घ्या. साधा इंजिनाचा स्कॅनर पुरत नाही, एबीएसचा कोड वाचणारा हवा. कोड फक्त कुठे पाहायचं ते सांगतो, 'सेन्सर बदला' असं सांगत नाही. माझ्या गाडीचं पुढचं बेअरिंग एका गॅरेजात बदललं आणि दुसऱ्याच दिवशी दिवा लागला. तिथे सेन्सर बदलला, तरी दिवा तसाच राहिला. दुसऱ्या मिस्त्रीनं बेअरिंग काढून पाहिलं तर ते उलटं बसवलेलं निघालं. आजच्या अनेक बेअरिंगांच्या एकाच बाजूला चुंबकीय कडी असते आणि ती सेन्सरकडेच यावी लागते. दिसायला दोन्ही बाजू जवळपास सारख्या असतात. नवं बेअरिंग बसवताना मिस्त्रीला टाचणी जवळ नेऊन पाहायला सांगा: ज्या बाजूला ती हलकेच चिकटते, ती बाजू सेन्सरकडे.